गाडी चाळीसच्या वर जाईना, किल्ली बंद-चालू केली की ठीक: थ्रॉटल सेन्सरचा परत परत येणारा दोष

तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते. गाडी व्यवस्थित चालली होती, अचानक पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला, कितीही रेस दिली तरी गाडी तीस-चाळीसच्या वर जाईना. बाजूला घेऊन किल्ली बंद केली, थोड्या वेळाने चालू केली, तर काही झालंच नाही अशा थाटात निघाली. मग काही दिवस शांत. मग पुन्हा तेच, आणि तेही नेमकं घाटात किंवा पुलाच्या चढावर. गॅरेजला नेली की तिथे ती शहाण्यासारखी चालते. स्कॅनर लावला की थ्रॉटल सेन्सरचा कोड (दोषाचा क्रमांक) निघतो, तो पुसला जातो, थ्रॉटल बॉडी (इंजिनकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप आणि तिचा डबा) साफ होते, बिल होतं आणि काही दिवसांनी गाडी परत दारात. काही ठिकाणी अख्खी थ्रॉटल बॉडी बदलली जाते आणि दोष जागचा हलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कायमचा दोष असेल तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण येतो-जातो असा दोष असेल तर आधी वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग) आणि अर्थिंग. थ्रॉटल बॉडी ही या तपासातली सगळ्यात महाग वस्तू आहे, म्हणून ती शेवटी. आणि तो कोड काय म्हणतोय हे कळायला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, काय बघतो, त्याला संशय केव्हा येतो आणि आला की तो काय करतो, एवढं समजून घ्यावंच लागतं.

ईसीयूला काय दिसतं

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पेडल किती दाबलं हे सेन्सर सांगतो, हवेची झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो, आणि थ्रॉटल बॉडीतली छोटी डीसी मोटर दातेरी चाकांवाटे ती झडप फिरवते. झडप खरोखर तेवढी फिरली का, हे सांगायला थ्रॉटल बॉडीत वेगळे सेन्सर. पेडलला दोन आणि झडपेला दोन, असे चार सिग्नल ईसीयूकडे सतत येत असतात. डिझेलवाल्यांनी यातला पेडलचा भाग आपला समजावा, बाकीची रचना त्यांच्याकडे वेगळी.

सेन्सरचं काम साधं आहे. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतो, एक अर्थ (अर्थिंगची वायर) देतो आणि तिसऱ्या वायरवर किती व्होल्ट परत येतात ते वाचतो. झडप जवळजवळ बंद असताना समजा ०.७, पूर्ण उघडल्यावर ४.३. झडपेचा दुसरा सेन्सर बऱ्याच गाड्यांत मुद्दाम उलटा लावलेला असतो. पहिला जेवढा चढतो तेवढाच हा उतरतो, त्यामुळे दोघांची बेरीज केव्हाही केली तरी ५ च्या आसपास येते. पेडलला दुसरी पद्धत जास्त दिसते. तिथे दुसऱ्याचे व्होल्ट पहिल्याच्या निम्मे: पेडल मोकळं असताना ०.७५ आणि ०.३७, पूर्ण दाबल्यावर ४ च्या आणि २ च्या आसपास. आकडे मॉडेलप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण त्या दोघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण त्या गाडीत कधी बदलता कामा नये.

दोन्ही सेन्सर सारखेच का ठेवले नाहीत? कारण तसं केलं आणि दोन सिग्नल वायर कुठे आपसात चिकटल्या, तर दोन्हीकडे तेच व्होल्ट दिसतील आणि ईसीयूला वाटेल सगळं आलबेल आहे. एक उलटा किंवा निम्मा असला की चिकटल्या क्षणी हिशेब फिसकटतो. ही भीती कागदावरची नाही. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचं मोठं प्रकरण झालं. तेव्हा तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याने नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तपासायला सांगितलं. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात गाड्या भरधाव सुटण्याचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडल्याची नोंद नाही. पण तक्रार आलेल्या एका कॅमरीच्या पेडल सेन्सरमध्ये कथलाचा केसापेक्षा बारीक तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना जोडले गेल्याचं त्यांना आढळलं. तो सेन्सर आतल्या पट्टीवर संपर्क घासत फिरणाऱ्या रचनेचा होता. ती रचना आता नव्या गाड्यांत कमी दिसते, चुंबकावर चालणारे न घासणारे सेन्सर आले आहेत.

तर ईसीयू प्रत्येक सिग्नलची उलटतपासणी करतो. पहिला प्रश्न मर्यादेचा: व्होल्ट साधारण ०.२ च्या खाली किंवा ४.८ च्या वर गेले तर तो सेन्सरचा आकडा असूच शकत नाही, वायर तुटली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. दुसरा प्रश्न जोडीचा: दोघांचं गणित जुळतंय का. तिसरा प्रश्न बाकीच्या साक्षीदारांना: झडप ऐंशी टक्के उघडी आहे असं सेन्सर म्हणत असेल आणि मॅनिफोल्डच्या (झडपेनंतर हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरला मात्र आयडलिंगइतकाच व्हॅक्यूम दिसत असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. ब्रेकच्या स्विचचीही साक्ष काढली जाते. ब्रेक आणि रेस एकाच वेळी दाबलेले दिसले तर बऱ्याच गाड्यांत रेसकडे दुर्लक्ष होतं. आणि ईसीयू स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. आत एक वेगळा पहारेकरी भाग मुख्य प्रोसेसरला सतत प्रश्न विचारत राहतो, उत्तर चुकलं किंवा वेळेत आलं नाही तर थ्रॉटलच्या मोटरचा करंट तोडतो.

संशय आला की लगेच दिवा लागत नाही. चूक काही दशांश सेकंद टिकावी लागते, तेव्हा कोड नोंदला जातो. म्हणून काही गाड्या नुसत्या हिसके खातात आणि स्कॅनरवर कोड काहीच नसतो. घासणाऱ्या सेन्सरमध्ये हे विशेष होतं. आयडलिंगपासून थोड्या रेसपर्यंतचा पट्टा सगळ्यात जास्त वापरला जातो, तिथलीच पट्टी आधी झिजते, आणि शहरात हळू चालताना गाडी एका ठरावीक जागी अडखळते.

संशय आल्यावर तो काय करतो

लोक ज्याला सरसकट लिंप मोड (दोष दिसला की ताकद कमी करून चालवणं) म्हणतात त्यात बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि गाडी कुठल्या पायरीवर उतरली हे ड्रायव्हरला विचारलं तर शोध निम्मा सोपा होतो.

झडपेच्या दोनपैकी एकच सेन्सर मर्यादेबाहेर गेला असेल, तर ईसीयू दुसऱ्याच्या भरवशावर चालवतो, पण त्यालाही हवेच्या मापाशी ताडून बघत राहतो. झडप एका मर्यादेपलीकडे उघडू देत नाही. गाडी चालते, मरगळलेली असते.

दोघांचं जुळत नाही पण खरा कोण हे ठरवता येत नाही, किंवा दोन्ही गेले, किंवा मोटरच ऐकत नाही, अशा वेळी ईसीयू मोटरचा करंट काढून घेतो. आता झडप स्प्रिंगच्या ताब्यात. इथे एक गंमत आहे. ही स्प्रिंग झडप पूर्ण बंद करत नाही, थोडीशी उघडी ठेवते, काही अंशांची फट. तेवढ्या हवेवर इंजिन आयडलिंगपेक्षा बरंच वर, बाराशे-पंधराशे किंवा त्याहून जास्त आरपीएमवर फिरतं आणि गाडी कडेला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत रांगत नेता येते. हवा कमी-जास्त करणं ईसीयूच्या हातात उरलेलं नसतं, म्हणून तो ताकद आवरण्यासाठी काही इंजेक्टर मधूनमधून बंद करतो आणि स्पार्क उशिरा देतो. ड्रायव्हर सांगतो की गाडी मिसिंग करत होती, भर्र-भर्र आवाज येत होता. तो मिसिंगचा दोष नव्हे, ती मुद्दाम केलेली कपात आहे. ते ऐकून प्लग आणि कॉइल बदलून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पेडलचा एक सेन्सर गेला तर उरलेल्यावर काम चालतं, पण प्रतिसाद मुद्दाम संथ केला जातो. दोन्ही गेले तर पेडल मेलं, आरपीएम थोडे वर ठेवलेले, क्लच सोडाल तशी गाडी सरकणार. इथे ब्रेकच्या स्विचला एकदम महत्त्व येतं, कारण ड्रायव्हरची इच्छा कळायला ईसीयूकडे तेवढंच एक साधन उरतं.

केबलवाल्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत गोष्ट सौम्य आहे. तिथे झडप तुमचा पाय उघडतो, सेन्सर फक्त बातमी देतो. बातमी खोटी वाटली तर ईसीयू आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशरवरून अंदाजाचा आकडा धरून चालवतो. वेग मिळतो, पण पाय दाबल्यावर क्षणभर जे जास्तीचं पेट्रोल मिळायला हवं ते मिळत नाही, म्हणून गाडी दचकते. उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल तोडण्याचं काम थांबतं, आयडलिंग भरकटतं. ऑटोमॅटिक गिअर असेल तर तो धक्के देत बदलतो, कारण त्याचंही गणित याच सेन्सरवर आहे.

किल्ली बंद-चालू करण्याचं रहस्यही इथेच आहे. थ्रॉटलचा दोष एकदा पकडला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू ती फेरी, म्हणजे किल्ली चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचा वेळ, संपेपर्यंत निर्णय बदलत नाही, वायर परत नीट टेकली तरीही. भर रस्त्यात मध्येच ताकद परत दिली तर जास्त धोका. किल्ली बंद केली, ईसीयूचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) सुटला, की पुढच्या वेळी तो नव्याने तपासणी करतो. कान देऊन ऐका: किल्ली ऑन केल्यावर, स्टार्ट न करता, बोनेटखालून बऱ्याच गाड्यांत बारीक किर्र असा आवाज येतो. ती झडप स्वतःची हालचाल तपासून बघत असते. त्या वेळी सगळं जुळलं तर गाडी पूर्ववत. दिवा मात्र सहसा दोषाशिवाय तीन फेऱ्या झाल्यावर विझतो, आणि कोड त्यानंतरही बरेच दिवस आत राहतो. म्हणजे दिवा गेला याचा अर्थ दोष गेला असा नाही, पुरावा अजून आत आहे. तो पुसू नका.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून चारचाकींना ओबीडी-२ (दोषांचे कोड नोंदवण्याची प्रमाण पद्धत) लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडतं आणि साध्या ब्लूटूथ ॲडॅप्टरनेही मोबाइलवर कोड वाचता येतात. थ्रॉटलच्या पहिल्या सेन्सरचे कोड पी ०१२० ते पी ०१२४, दुसऱ्याचे पी ०२२० पासून पुढे. यातला पी ०१२२ म्हणजे व्होल्ट फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त, पी ०१२१ म्हणजे मर्यादेत आहे पण पटत नाही. पेडलचे पी २१२२, २१२३, २१२७, २१२८ हे कमी-जास्तचेच. आणि सगळ्यात जास्त वेळा निघणारे दोन: पी २१३५, थ्रॉटलच्या दोन सेन्सरचं जुळत नाही, आणि पी २१३८, पेडलच्या दोघांचं जुळत नाही.

पी २१३५ मध्ये कुठलाही भाग खराब आहे असं ईसीयू म्हणत नाही. दोन बातम्या जुळल्या नाहीत, एवढंच म्हणतो. बातमी सेन्सरमध्ये बिघडली की वाटेत वायरमध्ये, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. पी ०६४१ ते ०६४३ किंवा पी ०६५१ च्या घरातले कोड सोबत असतील तर थ्रॉटल सोडा आणि ५ व्होल्टच्या मागे लागा. तेच ५ व्होल्ट अनेक गाड्यांत एसीच्या गॅस प्रेशर सेन्सरला आणि मॅनिफोल्ड सेन्सरलाही जातात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला तरी बोंब थ्रॉटलच्या नावाने होते. एकेक कपलर काढत जायचं, जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो चोर.

कोडसोबत फ्रीझ फ्रेम वाचा. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, हे ईसीयूने टिपून ठेवलेलं असतं. इंजिन थंड असतानाच येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, हे मालकाच्या आठवणीपेक्षा इथे जास्त खरं सापडतं. गॅरेजने कोड आधीच पुसला असेल तर ही नोंदही गेली. म्हणून गाडी देताना सांगून ठेवा: पुसण्याआधी फोटो काढा.

शोध कसा घ्यायचा

कुंभार्ली घाटातून कराडकडे भाडं मारणारी एक पेट्रोल-सीएनजी गाडी गॅरेजमध्ये आली होती. कोड पी २१३५, घाट चढताना, पावसात जास्त. आधीच्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी नवी टाकून झालेली. तिचंच उदाहरण घेतो, कारण त्यात शोधाची सगळी पद्धत येते.

स्कॅनरवर थ्रॉटल ए आणि थ्रॉटल बी (झडपेचा पहिला आणि दुसरा सेन्सर) दोन्हीचे व्होल्ट एकाच पडद्यावर लावले. किल्ली ऑन, इंजिन बंद: ०.७२ आणि ४.२८, बेरीज बरोबर ५. पेडल हळूहळू दाबलं, एक चढला, एक उतरला, कुठेही उडी नाही. सेन्सरला इथेच बरंचसं प्रमाणपत्र मिळालं. इंजिन चालू करून पेट्रोलवर ठेवलं, तरी ठीक. गॅसवर टाकलं आणि हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने हलवला, तेव्हा ०.७२ चे १.४ झाले आणि ४.२८ चे ४.४. दोन्ही वर गेले.

हा क्षण नीट बघण्यासारखा असतो. झडप खरंच उघडली असती तर एक वर आणि एक खाली गेला असता. एकाचीच सिग्नल वायर ढिली असती तर एकच हलला असता. ५ व्होल्टची वायर कमजोर असती तर दोन्ही खाली आले असते आणि वरचा जास्त पडला असता. दोन्ही वर आणि खालचा जास्त वर, म्हणजे दोघांची सामाईक अर्थ उचलली गेली आहे. सेन्सरचा शून्यच शून्यावर राहिला नाही. मल्टिमीटर लावला, एक टोक सेन्सरच्या अर्थ पिनला मागून, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे ०.०५ व्होल्टच्या आत यायला हवं. ०.८ येत होतं.

हार्नेसवरची टेप सोलत गेलो तर मडगार्डच्या बाजूला एक जोड निघाला. सीएनजी किट बसवणाऱ्याने त्याच्या किटची अर्थ सेन्सरच्या बारीक अर्थ वायरवरून घेतली होती. वायर सोलून पीळ मारलेला, वर काळी टेप. आतलं तांबं हिरवं पडलेलं, निम्मे तंतू तुटलेले. गाडी गॅसवर असली की किटच्या सॉलेनॉइडचा (गॅसच्या विजेवर चालणाऱ्या झडपेचा) करंट त्या उरलेल्या चार तंतूंतून परत जायचा आणि सेन्सरची अर्थ वर उचलायचा. चढावर इंजिन माउंटिंगवर कलतं, हार्नेस ओढला जातो, पावसात जोडात पाणी. पेट्रोलवर दोष कधीच आला नसता, पण भाड्याची गाडी पेट्रोलवर कोण चालवतो? किटची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिली, सेन्सरची वायर नव्या तुकड्याने सोल्डर करून वर हीट श्रिंकची नळी चढवली. नव्या थ्रॉटल बॉडीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

प्रत्येक गाडीत सीएनजी किट नसतं, पण त्याच्या जागी दुसरं काहीतरी असतं. बाहेरून बसवलेला अलार्म, जास्तीचे हॉर्न, हेडलाइटचा रिले: कुठल्या तरी वायरवर टॅप मारलेला असतोच. पावसाळ्यात उबेला आलेला उंदीर असतो. तो इन्सुलेशन कुरतडतो, वायर तुटत नाही, आणि ओल आली की दोन वायर आपसात बोलायला लागतात. वॉशिंगवाल्याने बोनेट उघडून प्रेशरचा पाइप मारलेला असतो. दोष धुतल्यानंतर सुरू झाला का, हा प्रश्न मी आधी विचारतो. थ्रॉटल आणि पेडल दोन्हीचे कपलर काढून बघा: आत पाणी, हिरवट पावडर, किंवा एखादी पिन बाकीच्यांपेक्षा मागे सरकलेली. रबरी सील जागेवर आहे का तेही. पेडलचं कपलर केबिनमध्ये, पायाशी असतं. ओले बूट, गळणारा एसीचा ड्रेन पाइप आणि खालचं भिजलेलं मॅटिंग यांचा परिणाम तिथे होतो, आणि तिथे कोणी बघत नाही.

पिनेची पकड तपासायला त्याच मापाची सुटी पिन घालून ओढून बघायची. थोडा विरोध जाणवला पाहिजे. मल्टिमीटरचं जाड टोक मादी पिनेत कधीही खुपसू नका. पिन रुंदावते, आणि जो दोष नव्हता तो तुम्ही तयार करता. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून माप घ्या. वायरला टाचणी टोचूनही काही जण माप घेतात. त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. आणि बल्बचा टेस्ट लॅम्प ५ व्होल्टच्या लाइनवर लावायचा नाही, ईसीयूचं आउटपुट त्या बल्बसाठी बनलेलं नसतं.

दोष गॅरेजमध्ये येतच नसेल तर आणावा लागतो. इंजिन चालू, दोन्ही व्होल्ट पडद्यावर, आणि एकाने हार्नेस वीतभर-वीतभर हलवत पुढे जायचं. मग पहिला गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच किंचित सोडून इंजिन कलू द्यायचं. समोर माणूस उभा राहू द्यायचा नाही. त्याने नाही आला तर कपलरवर फवाऱ्याने थोडं पाणी, किंवा हेअर ड्रायरची गरम हवा. बॅटरीही मोजून घ्या. थकलेली बॅटरी स्टार्ट मारताना इतकी खाली जाते की चांगल्या सेन्सरचेही कोड पडतात.

कार्बन साफ करणं हे वेगळं दुखणं आहे. झडपेच्या कडेला काळा थर बसला की आयडलिंग बिघडतं, पाय काढल्यावर इंजिन बंद पडतं, कधी झडप चिकटते आणि पी २११२ किंवा पी २११९ असे कोड येतात. तिथे साफसफाई बरोबर. पी २१३५ ला तिचा उपयोग नाही, कारण कार्बन दोन सेन्सरमध्ये भांडण लावू शकत नाही. साफ करायचंच असेल तर किल्ली बंद, कपलर काढलेलं, आणि क्लीनर कापडावर मारून पुसायचं. सेन्सरच्या बाजूला फवारा नको. किल्ली ऑन असताना झडपेत बोट तर मुळीच नको, ती मोटर बोट ओळखत नाही.

दुचाकीचं थोडक्यात

एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम) आलं आणि बाइकवरही इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे पोचलं. बहुतेकांत मूठ आणि झडप यांच्यात अजून केबलच आहे आणि सेन्सर एकच. जुळवून बघायला दुसरा नाही, त्यामुळे ईसीयू प्रेशर सेन्सर आणि आरपीएमवर विसंबतो. लक्षण म्हणजे हळू रेसला हिसके आणि ट्रॅफिकमध्ये बंद पडणं. आयडलिंग वाढवायला मेकॅनिक झडपेचा रंग लावलेला स्टॉप स्क्रू फिरवतो, आणि सेन्सरला झडप बंद असल्याचा जो आकडा माहीत होता तोच हलतो. मग ईसीयूला गाडी कायम थोड्या रेसवर दिसते आणि आयडलिंगचं नियंत्रण सुटतं. त्या स्क्रूला हात लावू नका, लावला असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये सेन्सरचा शून्य परत शिकवून घ्या.

रस्त्यात झालं तर, आणि नंतर

घाटात ताकद गेली तर ओव्हरटेक सोडा, धोक्याचे दिवे लावा, खालच्या गिअरमध्ये रांगत सुरक्षित जागा गाठा. आरपीएम वर अडकले असतील तर क्लच दाबा किंवा न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच ठाम दाबून ठेवा, पुन्हापुन्हा पंप करू नका. थांबल्यावर किल्ली बंद करून अर्धा मिनिट तरी थांबा, रिले सुटायला वेळ लागतो. बॅटरीचं टर्मिनल काढण्याचा सल्ला रस्त्यावर हमखास कोणीतरी देतो. त्याने काही गाड्यांत फ्रीझ फ्रेम जाते, आणि थ्रॉटलची शिकलेली जागाही जाऊन आयडलिंग आणखी बिघडतं.

वायर दुरुस्त झाली की कोड पुसा, स्कॅनरमधून थ्रॉटल ॲडॅप्टेशन (झडपेची जागा ईसीयूला परत शिकवणं) करा. ते नसेल तर बऱ्याच गाड्यांत पेडलला हात-पाय न लावता किल्ली थोडा वेळ ऑन ठेवून, मग एसी बंद ठेवून इंजिन तापेपर्यंत आयडलिंगला सोडलं तरी जमतं, पण पद्धत मॉडेलच्या मॅन्युअलमधून बघून घ्या. मग ज्या चढावर, ज्या वेळी, ज्या इंधनावर दोष यायचा तिथेच चालवून बघा. गॅरेजभोवतीची फेरी पुरत नाही.

एवढं सगळं तपासून अर्थ, ५ व्होल्ट, दोन्ही सिग्नल वायर ईसीयूपर्यंत स्वच्छ निघाल्या, आणि पेडल हळूहळू दाबताना त्याच जागी व्होल्ट उडी मारत असतील, तर मात्र थ्रॉटल बॉडी बदला. सेन्सर सुटा मिळतो का ते आधी विचारा. बहुतेकांत तो झाकणात कायमचा बसवलेला असतो, पण काहींत मिळतो. नवी घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला तशीच, कपलरही बसतं, पण दुसरा सेन्सर उलट्याऐवजी निम्म्याचा निघाला तर पहिल्याच किल्लीला पी २१३५ परत येईल.